पोरानं पोरीचं आणि पोरीनं पोराचं कॅरेक्टर कसं खेळायचं

गेम चालू केला, कॅरेक्टर बनवायची स्क्रीन आली, तुम्ही पोरगा आहे आणि पोरगी निवडली, की शेजारच्या खुर्चीवरून आवाज येणारच, "काय लका, पोरगी घेतलीस व्हय?" सांगलीत विश्रामबागच्या गेमिंग कॅफेत येतो, मिरजेत येतो, हॉस्टेलवर तर विचारूच नका. त्याचं काय करायचं ते खाली सांगतो, पण आधी खेळायचं कसं ते बघू. कारण बहुतेक जण हौसेनं निवडतात, दोन तासात कंटाळतात आणि परत आपला दाढीवाला गडी घेऊन बसतात, वर म्हणतात काय फरक पडत नाही राव. फरक पडतो. पण आपोआप पडत नाही, थोडं डोकं लावायला लागतं.

आणि सांगलीकरानं तर ह्याचं नवल करूच नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी आपल्या सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं, पटवर्धन सरकारांच्या आश्रयानं, तेव्हा सीता काय बाई नव्हती, त्या काळात बाईनं स्टेजवर उभं राहणंच शक्य नव्हतं, मग बायकांची कामं पुरुषच करायचे. पुढं बालगंधर्व, ते मूळचे आपल्या पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे, त्यांचं नेसणं बघून घराघरातल्या बायका तशा साड्या नेसायला लागल्या. स्त्री पार्ट करणं हे कसबाचं काम होतं आणि लोक तिकीट काढून ते बघायला जायचे. त्यातनं गेमसाठी घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे साडी नेसली की काम झालं असं नसतं, चालणं, थांबणं, कुणाकडं कसं बघायचं, कधी गप्प बसायचं, हे सगळं त्या पात्राचं ठरलेलं पाहिजे. दुसरी म्हणजे नाटक संपलं की रंग पुसून घरी जायचं. ही दुसरी ऑनलाइन गेममध्ये लय उपयोगी पडते.

आता पहिलं ठरवायचं ते गेम कुठला. नवीन असाल तर असा घ्या ज्यात निवडायला काही नाहीच. टूम्ब रेडरची लारा क्रॉफ्ट १९९६ पासून आहे, होरायझनची एलॉय आहे, हेलब्लेडची सेनुआ आहे, आणि आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये काढलेला 'राजी' आहे, त्यात राजी नावाची पोरगी हातात त्रिशूळ घेऊन राक्षसांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत फिरते. इथं गोष्ट ठरलेली असते, ती बाई कशी आहे ते लिहिणाऱ्यानं ठरवलेलं असतं, तुम्ही फक्त तिच्या डोक्यात बसायचं. सवय व्हायला हे बरं पडतं. आणि हे काय नवीन फॅड नाही हां, १९८६ च्या मेट्रॉइडमध्ये अख्खा गेम तुम्ही चिलखत घातलेला कोणीतरी गडी समजून खेळता आणि गेम भराभर संपवला तर शेवटी हेल्मेट निघतं आणि आत बाई, सॅमस अॅरन. म्हणजे कित्येक पोरं न कळता पोरगी खेळून मोकळी झाली आणि कुणाला काय झालं नाही.

पुढची पायरी म्हणजे एकच गोष्ट आणि दोन पर्याय. मास इफेक्टचा कमांडर शेपर्ड बाप्या घ्या नाहीतर बाई घ्या, कथा तीच, डायलॉग जवळजवळ तेच, पण आवाज वेगळे, बाईला जेनिफर हेल आणि बाप्याला मार्क मीर. तोच हुकूम, तीच धमकी, दोन आवाजात ऐकली की कळतं आपल्याला एकाच वाक्याबद्दल वेगळं वाटतंय. असॅसिन्स क्रीड ओडिसीत, म्हणजे २०१८ च्या, कसांड्रा किंवा अॅलेक्सिऑस घ्यायचा, भाऊबहीण आहेत, एकदा घेतलं की शेवटपर्यंत तेच आणि जे घेतलं नाही ते पुढं गोष्टीत वेगळ्याच वाटेनं भेटायला येतं, जास्त सांगत नाही. ह्याच मालिकेतल्या २०२० च्या वल्हालात मात्र एव्होर, म्हणजे आपलं मुख्य कॅरेक्टर, कधीही बदलता येतो, बाप्याची बाई, बाईचा बाप्या, मधेच. ज्याला खात्री नाही त्यानं वल्हालापासून सुरू करावं, पटलं नाही तर मेनूत जाऊन बदलायचं, कुणाला कळायचं पण नाही.

मग येतात स्वतः घडवायचे गेम, सायबरपंक, बाल्डर्स गेट ३, एल्डन रिंग, स्कायरिम, आणि मोबाईलवर चालणारा स्टारड्यू व्हॅली. खरी मजा इथं आहे आणि खरी माती पण इथंच होते. पोरं काय करतात, नाकडोळे लहानमोठे करायचे सगळे स्लायडर ओढून एखादी हिरोईन बनवतात, तासभर त्यातच घालवतात, आणि गेम सुरू झाल्यावर ती हिरोईन आपल्या नेहमीच्या गड्यासारखीच जे दिसेल त्याला हाणत सुटते. मग वाटतं, मग कशाला बनवली?

माझं म्हणणं असं की चेहऱ्याला दहा मिनिटं द्या आणि उरलेला वेळ ही बाई कोण आहे ते ठरवायला द्या. जास्त नाही, तीन गोष्टी पुरतात, तिला काय पाहिजे, ती काय कधीच करणार नाही, आणि तिला कशाची भीती वाटते. स्टारड्यूचंच उदाहरण घेऊ कारण त्यात गेमनं आयती गोष्ट दिलीय, शहरातली कंपनीतली नोकरी सोडून आजोबांच्या पडीक शेतावर येणं, सांगली जिल्ह्यातल्या माणसाला ह्यात समजावून सांगण्यासारखं काय आहे, निम्मी पोरं पुण्याला आणि शेत इथं. समजा नाव ठेवलं आक्का. आक्काचा नियम असा की पहिलं पीक विकायचं नाही, आधी गावात वाटायचं. सुरुवातीला गावचा मेयर लुईस पंधरा पार्सनिपचं बियाणं फुकट देतो, सगळे खेळणारे ते पिकवून विकतात आणि त्या पैशात पुढचं बियाणं घेतात. आक्का विकत नाही, ती दारोदार देत फिरते. बऱ्याच जणांना ते नुसतं आवडतं, पण पॅम नावाची एक बाई आहे, पूर्वी बस चालवायची, आता बस बंद पडलीय म्हणून संध्याकाळी पिऊन बसते, तिला पार्सनिप जीव की प्राण. एवढ्या एका नियमामुळं तुमची गावातली पहिली मैत्री पॅमशी होते, जिच्याकडं बाकीचे खेळणारे वर्षभर बघत पण नाहीत. पैशानं आक्का मागं पडते, पण गेम वेगळा होतो. आक्का बाई आहे म्हणून असं झालं का? नाही. ती कोणीतरी आहे म्हणून झालं. पण तुम्ही नेहमीचा गडी घेतला असता तर हा नियम केलाच नसता, सरळ विकून मोकळे झाला असता.

एक मात्र पाळा, बाई म्हणजे नाजूक, लाजरी, प्रत्येक वाक्यात हसणारी, असं करू नका, ती टीव्हीवरची सिरियल झाली. तुमच्या ओळखीच्या बायका आठवा की. मार्केट यार्डात दिवसभर हळद निवडून परत घरी भाकऱ्या थापणारी, सोसायटीच्या मीटिंगला चेअरमनला दोन प्रश्नात गप्प करणारी मावशी, एसटीत खिडकीसाठी भांडणारी म्हातारी. ह्यातली एक उचला आणि तिला तलवार द्या. विषय हार्ड होतो. पोरींना पण हेच, बाप्या घेतला म्हणून त्याला सारखं गुरगुरायला लावायची गरज नाही, तुमच्या घरात असेल ना एखादा शांत काका, दिवसातनं चार वाक्यं बोलणारा, तो घ्या.

आवाज आधी ऐका. हे मी ओरडून सांगतो कारण चेहरा बहुतेक वेळ हेल्मेटच्या आत नाहीतर पाठमोरा असतो आणि सायबरपंक तर फर्स्ट पर्सनच आहे, म्हणजे सगळं कॅरेक्टरच्या डोळ्यातनं दिसतं, स्वतःचं तोंड क्वचितच दिसतं, आवाज मात्र शेवटपर्यंत कानात. सायबरपंकमध्ये शरीर वेगळं आणि आवाज वेगळा निवडता येतो, आणि लोक तुम्हाला तो म्हणणार का ती हे आवाजावर ठरतं. आणि हे दोन्ही नंतर बदलता येत नाही, आरशात जाऊन केस बिस बदलतील, शरीर आणि आवाज नाही. गेममधल्या पात्रांशी प्रेमप्रकरण पण ह्यावर अडकलेलं आहे, जूडीला बाईचं शरीर आणि बाईचा आवाज दोन्ही लागतं, पॅनमला बाप्याचं शरीर असलं की बास. ज्याला जूडीचीच गोष्ट बघायचीय त्यानं आधीच ठरवावं, नाहीतर तीस तास खेळून नकार यायचा. बाल्डर्स गेट ३ मध्ये शरीर, आवाज आणि तो-ती-ते सगळं सुटं आहे आणि तिथले सोबती तुम्ही कोण आहात त्यावर अडत नाहीत, त्यामुळं तिथं निवांत राहा.

गेमप्लेत ताकद कमीजास्त होते का, हा प्रश्न कॅफेत रोज कोणतरी विचारतंय. पूर्वी व्हायची, २००२ च्या मॉरोविंडमध्ये बाप्या आणि बाईचे सुरुवातीचे आकडे वेगळे होते. आता बहुतेक ठिकाणी नाही. व्हॅलोरंटमध्ये तर सगळ्या एजंटचे, म्हणजे कॅरेक्टरांचे, हिटबॉक्स, म्हणजे गोळी लागायची जागा, सारखे, त्यामुळं जेट नावाची एजंट बारीक दिसते म्हणून गोळी लागत नाही हे झूट आहे. माइनक्राफ्टची अॅलेक्स घेतली तर हात तीन पिक्सेल रुंद, स्टीव्हचे चार, बास एवढाच फरक.

चालण्याबद्दल एक मजेशीर गोष्ट. २०१४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळणाऱ्या ३७५ जणांवर एक अभ्यास छापून आला, त्यात २३ टक्के पुरुषांनी बाईचं कॅरेक्टर घेतलं आणि ७ टक्के बायकांनी पुरुषाचं. बाई घेतलेले पुरुष चॅटमध्ये गोड झाले, हसरे चेहरे टाकायला लागले, उद्गारचिन्हं वाढली, पण चालणं सुधरलं नाही, उगीच उड्या मारणं, मागं मागं चालणं, घोळक्यापासून लांब उभं राहणं, हे सगळं पुरुषांचंच राहिलं. म्हणजे तोंड बदललं, अंगठा तोच. म्हणून वर म्हणलं की साडी नेसून भागत नाही. करायचं काय, तर तुमचा अंगठा सवयीनं काय करतो ते एक दिवस बघा, मोकळ्या रस्त्यात विनाकारण जंप दाबता का, कोण बोलत असताना त्याच्याभोवती गोल गोल फिरता का, आणि मग ठरवा आपलं कॅरेक्टर असं करेल का. करत असेल तर खुशाल करा, माझी आक्का पण कुंपणावरनं उडी मारते.

आता ऑनलाइन. इथं मात्र सावध, कारण समोर गेमनं बनवलेली पॅम नाही, जिवंत माणूस आहे.

बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्ससारख्या मोबाईलवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये पोरीचं कॅरेक्टर घेणं ही काय मोठी गोष्ट नाही, फ्री फायरमध्ये अर्धी पोरं केली नावाची पोरगी घेतात कारण ती जास्त जोरात पळते, आणि कुणी त्यावरनं काही समजत पण नाही. भानगड सुरू होते नावापासून. कॅरेक्टर पोरीचं, आयडी पण पोरीच्या नावाचा, माइक बंद, की लगेच फ्रेंड रिक्वेस्ट, स्किन (कॅरेक्टरचे कपडे) गिफ्ट करू का, नंबर दे, कुठली तू. इथं रंग पुसायचा. एका वाक्यात सांगा, "भावा मी पोरगा हाय, कॅरेक्टर आहे ते", आणि पुढं खेळा. गिफ्ट घेऊन मग सांगू, थोडी मजा करू, असं करू नका, समोरचा बारावीतला पोरगा असतो आणि त्यानं ते पैसे घरातनं कसे काढलेत तुम्हाला माहीत नसतं. आणि व्हॉइस चेंजर लावून पोरीच्या आवाजात कुणाला घोळवणं ही फसवणूक आहे, त्याला खेळ म्हणू नका, पैशाचं काही झालं तर समोरचा १९३० ला फोन करून सायबरवाल्यांकडं तक्रार करू शकतो.

मराठीत चॅट करत असाल तर तसंही लपणं अवघड आहे, पहिल्याच वाक्यात आलो का आले त्यावरनं कळतं. त्यात आपल्या भागात अजून गंमत, इकडच्या पोरी सरळ "मी आलो", "मी जातो" म्हणतात, मग पुण्यामुंबईचा टीममेट तिला शंभर टक्के पोरगा समजतो. बऱ्याच जणींना ते सोयीचंच पडतं.

कारण पोरींचं दुखणं वेगळं आहे. मिरजेची माझी मामेबहीण म्हणते, तुमच्या ह्या गाइडची आम्हाला काय गरज, आम्ही लहानपणापासून बाप्याच खेळत आलोय, दुसरं होतंच काय. बरोबर आहे तिचं, पोकेमॉनमध्ये पोरगी निवडायची सोय सुद्धा २००० सालच्या क्रिस्टलपासून आली, जीटीए फाइव्हच्या कथेत तिन्ही हिरो बाप्येच. त्यामुळं कसं खेळायचं हे त्यांना सांगायला जाऊ नये. पण ऑनलाइन पुरुषाचं कॅरेक्टर घेण्यामागं त्यांचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, शांतपणे खेळू द्या. तिची पद्धत सांगतो, नाव असं ठेवायचं ज्यावरनं काहीच कळत नाही, एखाद्या गावाचं किंवा खाण्याचं, भडंग वगैरे, अनोळखी स्क्वाडमध्ये माइक बंद आणि पिंग आणि क्विक चॅटवर, म्हणजे बटण दाबून जागा दाखवणं आणि तयार वाक्यं पाठवणं, ह्यावर काम चालवायचं, ओळखीच्या चौघांचं ठरलेलं स्क्वाड असेल तरच बोलायचं. कोण घाण बोललं तर वाद नाही, स्क्रीनशॉट, म्यूट, रिपोर्ट, ब्लॉक, ह्याच क्रमानं, कारण आधी ब्लॉक केलं की पुरावा काढायला परत शोधत बसायला लागतं. आणि टीममध्ये दुसऱ्या कुणाचा आवाज पोरीचा निघाला तर आपण पोरांनी काय करायचं, तर काहीच नाही. "झोन येतोय, गाडी आण" एवढंच बोलायचं.

पैशाचं पण सांगून ठेवतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. पोरीच्या कॅरेक्टरला दुकानात जास्त चमकदार कपडे दाखवतात आणि क्रेट, म्हणजे आत काय निघेल माहीत नसलेली विकतची पेटी, उघडायची खाज सुटते. पुष्कळ गेममध्ये चिलखत बाईला घातलं की अर्धं गायब होतं, ते डोक्यात जात असेल तर ज्यात दोघांना सारखंच चिलखत आहे असा गेम घ्या, एल्डन रिंगमध्ये पूर्ण लोखंड चढवलं की आत कोण आहे देवाला माहीत.

आता त्या शेजारच्या खुर्चीवाल्याचं. त्याला लांबलचक समजावत बसू नका, विशेषतः ते नेहमीचं उत्तर, की मला तासनतास पाठ बघायचीय तर बाईची का नको, ते तर देऊच नका, ऐकायला विनोदी वाटतं पण शेजारी कोण पोरगी बसली असेल तर तिला ते किती घाण वाटतं ते विचारा कधीतरी. "गोष्ट वेगळी निघते" एवढं बास. नाहीतर त्याला जुनी आठवण करून द्या. व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स असायचा, त्याला कोण ह्या नावानं ओळखत नाही, त्यातल्या एका गड्यावरनं सगळे मुस्तफाच म्हणतात, तिघं एकदम खेळायचे आणि मुस्तफासाठी मारामारी व्हायची, मग ज्याला मुस्तफा मिळाला नाही त्यानं गुपचूप हॅना घ्यायची, गेमच्या चार कॅरेक्टरांत ती एकटी बाई. तिच्यावर बॉस मारणारी पोरं आज बापे झालीत, कुणी त्यांना काय म्हणलं नाही.

घरात आईनं स्क्रीन बघून "ही कोण गं बाई?" विचारलं तर सरळ नाव सांगा, आक्का म्हणून. आयांना त्यात काही विशेष वाटत नाही, त्यांचा प्रश्न अभ्यासाचा असतो.

एक गंभीर गोष्ट, थोडक्यात. बहुतेकांसाठी हा निव्वळ खेळ आहे, पोरगी खेळला म्हणून कुणी काही होत नाही. पण काही जणांना खेळता खेळता जाणवतं की गेममध्ये कोणी "ती" म्हणालं की बरं वाटतंय आणि बाहेर नाही. असं कुणी तुम्हाला विश्वासानं सांगितलं तर चेष्टा करू नका, ग्रुपवर टाकू नका, ऐकून घ्या. आणि जो सांगत नाही त्याला त्याच्या कॅरेक्टरवरनं विचारत पण बसू नका.

राहिलं बदलायचं. मधेच वाटलं की उलटं करून बघू, तर दरवेळी नवीन गेम सुरू करायला लागत नाही. बाल्डर्स गेट ३ मध्ये कॅम्पात जादूचा आरसा आहे, तो २०२३ च्या तिसऱ्या पॅचमध्ये, म्हणजे अपडेटमध्ये, आला, त्यात चेहरा, आवाज आणि तो-ती-ते बदलतं, वंश आणि शरीराचा प्रकार मात्र नाही. एल्डन रिंगमध्ये राउंडटेबल होल्डमध्ये आरसा आहे. स्कायरिम पीसीवर असेल तर कन्सोलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या पट्टीत, शो रेस मेनूची कमांड आहे, पण ती वापरली की स्किल गडबडू शकतात म्हणून आधी सेव्ह मारा. फायनल फँटसी १४ मध्ये फँटेशिया नावाचं औषध लागतं, मूळ कथा संपवली की एक बाटली फुकट मिळते, पुढच्या विकत, म्हणून पहिली जपून वापरा. आणि स्टारड्यूमध्ये विझार्डशी चांगली मैत्री झाली की त्याच्या तळघरात जाता येतं, तिथं एक देव्हारा आहे, पाचशे सोनं ठेवायचं आणि आक्काचा आप्पा. गाव एका शब्दानं विचारत नाही, पॅमची मैत्री तेवढीच राहते, आणि लग्नाचे बाराच्या बारा पर्याय आधी होते तसेच उघडे असतात.